मुलुंडच्या ३७ वर्षं जुन्या इमारतीची दुरुस्ती: खजिनदाराच्या वहीतून

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, १९८६ ची, तळ अधिक चार मजले, २० फ्लॅट, लिफ्ट नाही. मी सोसायटीची खजिनदार, ३१ वर्षं बँकेत काढली, इंजिनिअर नाही. आम्ही सुरुवात केली तेव्हा अशा कामात रोजच्या रोज नक्की काय चुकतं हे सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या नीट करून इथे लिहिते आहे. आकडे आमच्या कामाचे आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील.

१४ ऑगस्ट २०२२

सकाळी सव्वासहाला तिसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या लँडिंगखालून काँक्रीटचा तुकडा पडला, ताटाएवढा. दूधवाला नुकताच खाली उतरला होता. तुकडा वाण्याच्या काट्यावर ठेवला तर साडेचार किलो भरला. एका बाजूला २०११ च्या दुरुस्तीचं प्लास्टर आणि रंग जसाच्या तसा, आणि दुसऱ्या बाजूला सळईचा पूर्ण ठसा, तांबूस, बोट फिरवलं की भुकटी हाताला लागत होती. म्हणजे वरून सगळं छान दिसत होतं आणि आत अकरा वर्षं गंज चालू होता.

रात्री जुनी फाईल काढली. २०११ ला साडेसहा लाख खर्च झाले होते, बिलावर "हॅकिंग, प्लास्टर व रंगकाम". सळई साफ केल्याचा, गंजविरोधी कोट लावल्याचा एकही आयटम नाही. तेव्हा तीन कोटेशन आली होती आणि सगळ्यात कमीचं घेतलं होतं, त्या मीटिंगला मी पण होते आणि मी पण हात वर केला होता.

९ ऑक्टोबर २०२२

स्ट्रक्चरल ऑडिट सुरू. खरं तर सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे (आदर्श उपविधी) इमारत १५ ते ३० वर्षांची असताना दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं, शिवाय मुंबईत ३० वर्षांनंतर महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी खाली महापालिकेला स्थिरतेचा दाखला द्यायचा असतो. आमचं हे पहिलंच.

कन्सल्टंट मॅडम पहिल्या दिवशी मशीन घेऊन आल्याच नाहीत. साधा छोटा हातोडा आणि खडू. प्रत्येक कॉलम, बीम, स्लॅबचं पोट टकटक वाजवून बघायचं, घट्ट आवाज आला की पुढे, पोकळ आवाज आला की खडूने गोल. दोन दिवसांत इमारतभर गोलच गोल झाले. मी बरोबर फिरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मलाही आवाज कळायला लागला, हे कोणालाही येतं.

मग टेस्ट. कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून घेतलेला गोल तुकडा, काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात, काँक्रीटमध्ये अजून अल्कलीपणा टिकून असेल तर ते गर्द गुलाबी होतं, नाहीतर रंग येत नाही. आमच्या सात नंबरच्या, म्हणजे सी-७, कॉलमचा कोअर बाहेरून ४५ मिमीपर्यंत कोराच राहिला, गुलाबी त्याच्या आत, आणि सळई ३० मिमीवर. म्हणजे सळईला काँक्रीटचं जे संरक्षण असतं ते केव्हाच संपलेलं. हाफ सेल टेस्टमध्ये, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेण्याच्या चाचणीत, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे रीडिंग गेलं की तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात, आमच्या तळमजल्याच्या सहा कॉलमना तेच आलं.

३० ऑक्टोबर २०२२

रिपोर्ट आला, महापालिकेच्या वर्गवारीत सी-२ बी, म्हणजे इमारत रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-१ आला असता तर घरं सोडावी लागली असती, चौथ्या मजल्यावरच्या आजी तर रिपोर्ट वाचून दाखवेपर्यंत देवासमोरून उठल्या नाहीत.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला मला वेळ लागला. काँक्रीटच्या तीन कोअरची ताकद १३.१, १२.६ आणि १४ आली (न्यूटन दर चौरस मिमी). इमारत एम-१५ ची, म्हणजे काँक्रीटची ठरलेली ताकद १५, तेव्हाच्या कोडमध्ये ते चालत होतं, २००० पासून आरसीसीला किमान एम-२०. कोअरसाठी नियम असा की सरासरी ८५ टक्क्यांच्या खाली नको आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको, आमची सरासरी ८८ टक्के. म्हणजे काँक्रीट आजच्या मानाने कमजोर, पण त्याच्या काळाच्या मापात पास. आजार आहे तो सळईला, आणि सळईला आजार दिला पाण्याने. पुढचे सगळे पैशाचे निर्णय आम्ही या एका वाक्यावरून घेतले.

२२ जानेवारी २०२३

विशेष सर्वसाधारण सभा, चार तास. निम्म्या लोकांचं म्हणणं, रिडेव्हलपमेंट येणारच आहे, मग पैसे घालायचे कशाला. दोन बिल्डर येऊन गेलेत हे खरं, पण २०१७ लाही दोन आले होते.

मॅडमना मी आधीच तीन पर्याय मागितले होते. पहिला, जेमतेम ५ वर्षं काढायची: धोक्याचे भाग तेवढे, टेकू, गच्चीवर डांबरी शीट, १८ लाख. दुसरा, १२ वर्षं: कॉलम, बीम, गच्ची, प्लंबिंग व्यवस्थित, बाकी जिथे जरुरी तिथेच, साधारण ४४ लाख. तिसरा, १५ वर्षं: सगळ्या बाजूंचं प्लास्टर, कार्बन फायबर रॅपिंग, झिंकचे अ‍ॅनोड (सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे), उंची रंग, ७१ लाख. मी फळ्यावर फक्त भागाकार केला, फ्लॅटमागे वर्षाला किती. पहिला १८,०००. दुसरा १८,३३३. तिसरा २३,६६७.

हॉल एकदम शांत झाला. स्वस्तातला पर्याय वर्षाच्या हिशेबात स्वस्त नव्हताच, वर ५ वर्षांनी गंज आणखी खोल गेलेला आणि रेट वाढलेले. त्यात मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पहिल्या पर्यायात सी-७ कॉलमबद्दल ५ वर्षांची हमी मी लेखी देणार नाही. तळमजल्यावरचे काका सगळ्यात जास्त विरोधात होते, ते उठून म्हणाले, "ताई, त्या कॉलमच्या पलीकडे माझी बेडरूम आहे, दुसरा घ्या." १७ विरुद्ध ३ ने दुसरा पास.

५ फेब्रुवारी २०२३

पैशाची बाजू. सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) बायलॉजप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. आमच्या वहीत बांधकाम खर्च १९८६ चा, २४ लाख. एक टक्का म्हणजे २४,०००, म्हणजे फ्लॅटमागे महिन्याला १०० रुपये. ३६ वर्षं आम्ही महिना १०० रुपयांत इमारत सांभाळत होतो आणि मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूश होतो. एफडी धरून सगळे मिळून १७ लाख. वरचे प्रत्येकी दीड लाख, तीन हप्त्यांत.

एप्रिल ते नोव्हेंबर २०२३

टेंडर. ४१, ५४ आणि ७१ लाख, मॅडमचा स्वतःचा अंदाज ५५. ४१ वाल्याचे रेट आयटमनिहाय बघितले तर प्लास्टर आणि रंग बाजारभावाने आणि गंजविरोधी कोट, पॉलिमर मॉर्टर (तोडलेली जागा भरायचा पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) जवळपास फुकट. मॅडम म्हणाल्या, हा माणूस ते आयटम करणारच नाही, केलेच तर वरवर. तुम्ही कोटेशन बघाल तेव्हा खालची बेरीज शेवटी बघा, आधी हे दोन-तीन आयटम बघा.

५४ वाल्याला बसवून काटछाट केली. लॉबीच्या टाइल्स काढल्या, दर्शनी भागाची नक्षी काढली, उंची रंगाऐवजी साधा बाहेरचा अ‍ॅक्रिलिक. फायबर रॅपिंग नाहीच, कारण आत गंज चालू असेल तर वरून गुंडाळून तो थांबत नाही. अ‍ॅनोडवर मी दोन रात्री विचार केला, गोष्ट चांगली आहे, पण तेवढ्या पैशात दोन बाथरूम लाईन बदलून होत होत्या. सगळ्यात मोठी बचत प्लास्टरची: पश्चिम आणि दक्षिण बाजू पूर्ण, कारण पावसाचा मारा तिथूनच, आणि उत्तर-पूर्वेला फक्त पोकळ वाजतंय तेवढंच. जीएसटी आणि मॅडमची फी धरून ४४ लाखांवर आलो.

पावसाळ्यात काम नको म्हणून ११ प्रॉप, म्हणजे टेकू, भाड्याने लावून २०२३ चा पावसाळा काढला. पहिल्यांदा ज्याने लावले त्याने पहिल्या मजल्याच्या बीमखालचे प्रॉप सरळ पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर टेकवले, एका आठवड्यात ब्लॉक खचले आणि प्रॉप हाताने हलायला लागले. खाली जाड फळी आणि काँक्रीटचा बेड करून परत लावले, ८,००० गेले.

२४ नोव्हेंबर २०२३

दिवाळी आणि छठ करून लेबर परत आलं, परांची चढली. सी-७ उघडला. हा कॉलम पंपाच्या खोलीला लागून, पंपाची गळती वर्षानुवर्षं त्याच्या पायाशी. सुपरवायझरने सळईवरचे पापुद्रे ब्रशने काढले आणि कॅलिपर लावला, १६ ची सळई १२ वर आलेली. ऐकायला ४ मिमी, पण क्षेत्रफळात जवळपास ४४ टक्के लोखंड गेलं. उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा तर तीन जागी तुटून नुसत्या लोंबत होत्या, एक मी हातात घेतली तर बिस्किटासारखी मोडली. ती रिंग मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोसायटीच्या कपाटात ठेवलीय.

२ डिसेंबर २०२३

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, कॉलमचं जॅकेट, म्हणजे भोवतीने नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण, जमिनीच्या लेव्हलपासून सुरू करू, पायापर्यंत खोदायला वेळ आणि खर्च. मॅडमनी ठाम नाही म्हटलं. नव्या सळया फूटिंगमध्ये, म्हणजे पायाच्या काँक्रीटमध्ये, बसल्या नाहीत तर जॅकेट नुसतं फरशीवर उभं राहणार, भार घेणारच नाही. चार फूट खोदलं, तिसऱ्या फुटावर पाणी लागलं, उपसायला पंप. सहा कॉलमचे मिळून १ लाख ४० हजार जास्तीचे गेले. पण खाली गेल्यावर कळलं की सी-८ चा जमिनीखालचा भाग वरच्यापेक्षा वाईट आहे. न खोदता तो कधीच दिसला नसता.

१९ डिसेंबर २०२३

आज वाया गेलेला दिवस. जुन्या काँक्रीटवर नवीन ओतायच्या आधी इपॉक्सीचा बाँडिंग कोट लावतात, तो बोटाला चिकट लागतोय तोवरच मायक्रो काँक्रीट (पातळ ओतता येणारं तयार मिश्रण) पडायला हवं. मुलांनी सकाळी ११ ला सी-११ ला कोट लावला, शटरिंगची एक प्लेट बसेना, ती कापून आणेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. अडीचला मी हात लावला तर कोट काचेसारखा कडक. सुपरवायझर म्हणाला, काही होत नाही, ओतून टाकू. मी मॅडमना फोन लावला, त्या म्हणाल्या, "ओतायचं नाही. सुकलेला इपॉक्सी म्हणजे दोन काँक्रीटच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घातल्यासारखं आहे." सगळा कोट ग्राइंडरने घासून काढला, दीड दिवस आणि इपॉक्सीचा डबा गेला. खर्च कॉन्ट्रॅक्टरने सोसला, कारण करारात दोषाचं काम त्याच्याच खर्चाने हे कलम होतं. तेव्हापासून नियम, शटरिंग एकदा कोरडं लावून बघायचं, मगच कोटचा डबा उघडायचा.

२३ डिसेंबर २०२३

मायक्रो काँक्रीटच्या पिशवीवर पाणी किती घालायचं ते छापलेलं असतं. ओतायला सोपं जावं म्हणून मिक्स करणारा पोरगा मगभर जास्त घालत होता, मी स्वतः पाहिलं. जास्त पाण्याने ते सुकताना आक्रसतं आणि भेगा पडतात. ओरडण्यात अर्थ नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एक रिकामी पाण्याची बाटली घेतली, मार्करने रेघ मारली, एका पिशवीला किती बाटल्या ते ड्रमवर खडूने लिहिलं. त्यानंतर प्रॉब्लेम आला नाही. पण आधी ओतलेल्या सी-८ ला तिसऱ्या दिवशी केसासारख्या भेगा दिसल्या. वाजवून बघितला, घट्ट आहे, भेगा वरवरच्या. मॅडमच्या सांगण्यावरून तो तोडला नाही, भेगा भरून घेतल्या आणि एका भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहिली. कॉलम हलला तर काच तडकते.

१६ जानेवारी २०२४

डक्टकडच्या (बाथरूमचे पाइप उतरतात त्या पोकळीकडच्या) दोन कॉलमचं काम झालं होतं, पॉलिमर मॉर्टर, कोट, सगळं रीतसर. आज त्यातल्या एकावर ओल. ही चूक कमिटीची, म्हणजे आमची. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती आधी बंद करायला हवी होती, पण त्या घरात लग्न होतं, फेब्रुवारीत बघू म्हणाले आणि आम्ही संकोचून गप्प बसलो. कॉन्ट्रॅक्टरची माणसं रिकामी बसू नयेत म्हणून कॉलम करून घेतला.

गळती नक्की कोणाची यावर वाद झाला तेव्हा सुपरवायझरने कपड्यांची नीळ बादलीत कालवली आणि बाथरूमच्या नहाणीचं तोंड बंद करून पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या घराच्या छतावर निळा डाग, वाद संपला. नहाणी ट्रॅपचा सांधा गेला होता. लग्नघर असूनही त्यांनी तीन दिवस बाथरूम सोडलं, त्यांचे आभार. मॉर्टर काढून परत केलं, प्लंबिंग धरून ६२,००० सोसायटीच्या खात्यातून.

ठराव केला: ४८ तास पाणी साठवून बाथरूम पास झाल्याशिवाय त्या डक्टमध्ये काम नाही. क्रम वरून खाली, आधी पाणी थांबवायचं, मग लोखंड, मग काँक्रीट, रंग सगळ्यात शेवटी. आम्हाला हा क्रम पहिल्या दिवशी माहीत होता, तरी मोडला.

११ फेब्रुवारी २०२४

क्वांटिटी वाढली. टेंडर बाहेरून वाजवून केलेल्या अंदाजावर असतं, तोडल्यावर आत जास्त निघतं. स्लॅबच्या पोटाचं काम अंदाजाच्या दीडपट. काही ठिकाणी मूळ बांधकामात स्लॅबच्या सळईखाली जेमतेम ८-१० मिमी काँक्रीट, तेव्हाच्या कोडप्रमाणेही १५ हवं होतं. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरायला खाली ठेवायचा ठोकळा, काही रुपयांची वस्तू, १९८६ ला कोणीतरी ती वाचवली आणि ३७ वर्षांनी आम्ही त्याचे लाखो मोजतोय.

जास्तीचं काम ६ लाख २० हजारांचं. प्रत्येकी आणखी २०,००० मागावे लागले, दोन घरांत फार कटू बोलणं ऐकून घेतलं. बजेट मांडतानाच १५ टक्के "आत काय निघेल ते" म्हणून वेगळे दाखवायला हवे होते. लोकांना रक्कम जास्त वाटली असती पण दुसऱ्यांदा हात पसरायला लागला नसता. मोजमाप मात्र दर शनिवारी कॉन्ट्रॅक्टर, मॅडमचा माणूस आणि मी एकत्र घेतलं, जागेवर सही, त्यामुळे बिलावर वाद एकदाही नाही.

मार्च २०२४

गच्ची. गळत होती म्हणून कधीतरी जुन्या कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) दुसरा कोबा घातलेला. कॉन्ट्रॅक्टरचा सल्ला, त्यावरच तिसरा चढवू, तोडण्याचे आणि डेब्रिजचे पैसे वाचतील. मॅडमनी हिशेब मांडला. माणसं वावरणाऱ्या गच्चीला चौरस मीटरला १५० किलोचा भार धरतात. चार इंची विटांचा कोबा एकटाच १९० च्या आसपास. म्हणजे वरचा कोबा हा गच्चीवर कायम गर्दी उभी असण्यापेक्षा जास्त भार होता, गंजलेल्या सळयांवर, रात्रंदिवस.

वरचा कोबा काढला. गोण्या मोजल्या, १,७०० च्या वर, साधारण ५० टन माल इमारतीच्या डोक्यावरून खाली आला. १ लाख ८५ हजार खर्च, चार आठवडे धूळ, चौथ्या मजल्याचे हाल. मग खालचा कोबा तपासून, भेगा भरून, त्यावर लवचिक कोटिंग आणि संरक्षक थर, उतार नीट काढून डाऊनटेकची, म्हणजे पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपांची, तोंडं मोठी केली. ७२ तास पाणी साठवून ठेवलं. पहिल्या वेळी टाकीच्या खांबाच्या कडेने झिरपलं, तिथला गोळा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) परत केला, दुसऱ्या वेळी कोरडं.

होळीला लेबर गावी गेलं, १३ दिवस काम बंद. हे वेळापत्रकात आधीच धरा.

२१ एप्रिल २०२४

क्युरिंग, म्हणजे नवं काम ओलं ठेवणं. पश्चिमेच्या नव्या प्लास्टरला दुपारी ऊन इतकं की गोणपाट तासाभरात वाळतंय. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस दिवसातून दोनदा पाणी मारायचा आणि वहीत चार वेळा लिहायचा. आम्ही आमचा स्वतःचा माणूस ठेवला, रोज ७००, ४२ दिवस, २९,४०० रुपये. फक्त पाणी मारायचं आणि गोणपाट ओलं ठेवायचं. हा खर्च टेंडरमध्ये नव्हता, तुमच्या टेंडरमध्ये घाला.

१३ मे २०२४

दुपारी धुळीचं वादळ. परांचीची हिरवी जाळी शिडासारखी फुगली आणि दक्षिणेचे चार बांबू सुटले. दहा मिनिटं आधी सुपरवायझरने आभाळ बघून सगळ्यांना खाली घेतलं होतं. संध्याकाळी कळलं की घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. उभं करताना काय वाचवलं आणि नंतर कोणी तपासलं का, हाच प्रश्न रात्रभर डोक्यात. दुसऱ्या दिवशी पूर्ण परांची तपासून, प्रत्येक मजल्यावर इमारतीला परत बांधून घेतल्याशिवाय कोणाला वर चढू दिलं नाही. दोन दिवस गेले, जाऊ देत.

२ जून २०२४

परांची उतरली, ठरल्यापेक्षा ३३ दिवस उशीर. एकूण ५० लाख ८२ हजार. कॉन्ट्रॅक्टरचे ५ टक्के दोन पावसाळे होईपर्यंत आमच्याकडे.

पार्किंगमध्ये एका मेंबरची गाडी आता बसत नाही, जॅकेटमुळे कॉलम दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच जाड झाले. त्यांची जागा बदलून दिली, पण हे आराखड्यावरच मोजून आधी सांगायला हवं होतं.

८ सप्टेंबर २०२४

पहिला पावसाळा. गच्ची कोरडी, जिना कोरडा, डक्ट कोरडा. उत्तरेच्या बाजूला, जिथे पैसे वाचवले तिथे, जुन्या-नव्या प्लास्टरच्या सांध्यातून दोन घरांत ओल. पाऊस उघडल्यावर दोरीवरून माणूस उतरवून सांधे भरून घेतले, ३८,०००. पूर्ण उत्तर-पूर्व प्लास्टर केलं असतं तर साडेपाच लाख लागले असते. हा हिशेब मला आजही बरोबर वाटतो, पण त्या दोन घरांना आधीच सांगायला हवं होतं की तुमची बाजू आपण धोका पत्करून सोडतो आहोत. ते त्यांच्या पोपडे आलेल्या भिंतीकडे बघून विचारत होते आणि माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं.

वार्षिक सभेत निधी महिना १०० वरून ९०० केला. वर्षाला २ लाख १६ हजार. एकानेही विरोध केला नाही, पिशवीतली ती तुटलेली रिंग मी टेबलावर ठेवली होती.

१७ ऑगस्ट २०२५

दुसरा पावसाळा चालू. सगळ्या २४ कॉलमवर रंगाने नंबर टाकलेत आणि एक रजिस्टर केलंय, दर मे आणि डिसेंबरमध्ये दोन मेंबर हातोडा घेऊन फिरतात, अर्धा दिवस लागतो. दुसऱ्या मजल्याच्या मुलीला, कॉलेजात आहे, तिला आवाज माझ्यापेक्षा लवकर कळतो. पंपाची गळती महिन्याला बघायची, डाऊनटेकची तोंडं एप्रिल अखेर आणि पावसात दर पंधरवड्याला साफ करायची, यासाठी वॉचमनला वेगळे ५०० रुपये.

मे मधल्या फेरीत एक पोकळ आवाज मिळाला, पहिल्या मजल्याचा छज्जा, तळहाताएवढी जागा. उघडलं, सळई नुकती तांबूस व्हायला लागलेली. साफ करून, कोट लावून, मॉर्टर भरून ३,२०० रुपयांत झालं.

आज सी-८ ची काचेची पट्टी बघितली. २६-१२-२३ तारीख पुसट झालीय, परत लिहिली. काच शाबूत आहे. पुढची फेरी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी.